विद्यापीठातील अपंग कर्मचारी आणि 'स्वेच्छे'चा प्रश्न

(विद्यापीठीय कर्मचाऱ्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



विद्यापीठांच्या आस्थापना विभागांतून अधूनमधून एक परिपत्रक निघते. सोबत एक छापील नमुना असतो. नाव, हुद्दा, विभाग, सेवेत रुजू झाल्याची तारीख, आणि अगदी शेवटी एक रकाना: अपंगत्व असल्यास त्याचा प्रकार, माहिती ऐच्छिक. नमुने भरून परत येतात. बहुतेकांनी शेवटचा रकाना कोरा ठेवलेला असतो, किंवा त्यात एक आडवी रेघ ओढलेली असते. मग बेरीज होते आणि निष्कर्ष निघतो की आपल्याकडे अपंग कर्मचारी फार थोडे आहेत. जे आहेत ते राखीव जागांवर आलेले असून त्यांची नोंद पूर्वीच झाली आहे. सबब अधिक काही करण्याचे कारण उरत नाही.

आज मला या कोऱ्या रकान्याविषयी बोलावयाचे आहे. प्रशासन त्याचा अर्थ 'अपंगत्व नाही' असा लावते. माझ्या मते बहुसंख्य ठिकाणी त्याचा अर्थ 'सांगण्याची हिंमत होत नाही' असा आहे. आणि तसे असेल तर हा रकाना भरला जाणे ही त्या एकट्या कर्मचाऱ्याच्या धैर्याची परीक्षा राहत नाही. ती आपल्या संघटनेच्या बळाची परीक्षा ठरते.

शब्दापासून सुरुवात

माझे काम अनुवादाचे आहे, म्हणून शब्दापासूनच सुरुवात करतो. इंग्रजीत या क्रियेला 'डिस्क्लोजर' म्हणतात. आपल्याकडे तिचे भाषांतर 'प्रकटीकरण', 'जाहीर करणे', 'उघड करणे' असे केले जाते. आता, माणूस उघड काय करतो? लपवलेली मालमत्ता, दडवलेला गुन्हा, चोरून ठेवलेला पैसा. कमी ऐकू येणाऱ्या लिपिकाने किंवा मधुमेहामुळे दृष्टी अधू झालेल्या ग्रंथालय परिचराने काय लपवले आहे? काहीच नाही. तरीही हा शब्द त्याला कबुलीजबाब देणाऱ्याच्या जागी उभा करतो. म्हणून मी 'कळवणे' हे साधे क्रियापद वापरणार आहे. पाणी गळते आहे असे आपण कळवतो, दिवा बंद आहे असे कळवतो. त्यात कळवणाऱ्याचा दोष नसतो आणि ज्याला कळवले त्याच्यावर काही करण्याची जबाबदारी येते.

सरकारी कागदांत आता 'दिव्यांग' हा शब्द रूढ झाला आहे. त्यावर अपंगांच्या चळवळीतच मतभेद आहेत. मी इथे 'अपंग' हाच शब्द वापरतो, कारण त्यातून शारीरिक वास्तव सरळ सांगितले जाते आणि कोणावर दैवी देणगीचे ओझे टाकले जात नाही.

कोण अपंग आहे?

विद्यापीठ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर प्राध्यापक येतात. परंतु विद्यापीठ चालते ते लिपिक, शिपाई, प्रयोगशाळा परिचर, माळी, सफाई कामगार, वसतिगृहातील स्वयंपाकी, सुरक्षारक्षक आणि तासिका तत्त्वावर शिकवणारे अध्यापक या सर्वांच्या श्रमावर. अपंगत्व या साऱ्यांमध्ये आहे. अनेकदा ते नोकरीत आल्यानंतर आलेले असते: अपघाताने, आजाराने, वाढत्या वयाने.

१९९५ च्या कायद्याने अपंगत्वाचे ७ प्रकार मानले होते. २०१६ च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्याने, जो १९ एप्रिल २०१७ पासून अंमलात आला, ही संख्या २१ वर नेली. त्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता, कंपवात, हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकलसेल यांचाही समावेश झाला. सिकलसेल हा आजार विदर्भातील, छत्तीसगडमधील आणि ओडिशातील आदिवासी व दलित कुटुंबांत मोठ्या प्रमाणावर आढळतो, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. अशा कर्मचाऱ्याला वेदनेचा झटका आला की तो दोन दिवस उठू शकत नाही आणि तिसऱ्या दिवशी इतरांसारखाच कामावर दिसतो. या यादीतील कितीतरी अपंगत्वे अशी आहेत की पाहणाऱ्याला ती दिसत नाहीत. जे दिसत नाही ते सांगावे लागते. म्हणूनच सांगण्याचा प्रश्न पूर्वीपेक्षा आज अधिक तीव्र झाला आहे.

आकड्यांकडे पाहा. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग नोंदले गेले, लोकसंख्येच्या २.२१ टक्के. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगाच्या लोकसंख्येपैकी सुमारे १६ टक्के लोकांना लक्षणीय अपंगत्व आहे. एवढी मोठी तफावत केवळ आरोग्यमानातील फरकाने स्पष्ट होत नाही. व्याख्या कोणती, प्रश्न कसा विचारला, कोणी विचारला आणि उत्तर दिल्यावर काय होईल अशी भीती आहे, यांवर आकडा ठरतो. विद्यापीठाच्या नमुन्यातील बेरीजही याला अपवाद नाही.

एका रकान्यात तीन गोष्टी

प्रशासनाच्या नमुन्याचा मूळ दोष असा की तो तीन वेगवेगळ्या गोष्टी एकाच रकान्यात कोंबतो. त्या वेगळ्या केल्याशिवाय आपल्याला नीट मागणी करता येणार नाही.

पहिली गोष्ट आरक्षणाची. २०१६ च्या कायद्याच्या कलम ३४ नुसार शासकीय आस्थापनांत ४ टक्के जागा राखीव आहेत. त्या जागेवर दावा करणाऱ्याला किमान ४० टक्के अपंगत्वाचे प्रमाणपत्र द्यावे लागते, आणि हे रास्त आहे. इथे कळवणे ऐच्छिक नसते. दावा करायचा की नाही एवढेच ऐच्छिक असते.

दुसरी गोष्ट सोयीची. टेबलाची उंची, पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणारी संगणकप्रणाली, तळमजल्यावरची बसण्याची जागा, औषधोपचारासाठी कामाच्या वेळेत थोडा बदल. कायद्याने यांना 'वाजवी सोय' म्हटले आहे आणि ती नाकारणे म्हणजे भेदभाव करणे, असे कलम २ मधील व्याख्येतच सांगितले आहे. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की वाजवी सोयीचा हक्क ४० टक्क्यांच्या अटीला बांधलेला नाही. अर्जदाराला लिहिताना हात आखडण्याचा विकार होता. त्याला लेखनिक नाकारण्यात आला होता. हा निकाल प्रत्येक शाखेत वाचला गेला पाहिजे, कारण आजही आस्थापना विभागात 'प्रमाणपत्र आणा, मग बोलू' हेच उत्तर मिळते.

तिसरी गोष्ट मोजणीची. किती अपंग कर्मचारी आहेत, कोणत्या श्रेणीत आहेत, पदोन्नतीत मागे पडतात काय, हे समजण्यासाठी माहिती हवी. कलम २२ प्रत्येक आस्थापनेला अपंग कर्मचाऱ्यांच्या नोंदी ठेवण्यास सांगते. त्या कलमाचे बंधन आस्थापनेवर आहे, कर्मचाऱ्यावर नाही. शिवाय एकूण प्रमाण जाणून घेण्यासाठी नावाची गरजही नसते. निनावी पाहणीने ते काम होते.

या तीन गोष्टी एकत्र केल्या की गोंधळ माजतो. ज्याला फक्त एक उंच खुर्ची हवी आहे त्याला वाटते, आपण सवलत लाटतो आहोत असा संशय घेतला जाईल. २०२४ मध्ये महाराष्ट्रातील एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रांवरून देशभर गदारोळ झाला. खोट्या प्रमाणपत्रांची चौकशी झालीच पाहिजे. त्यांचा सर्वांत मोठा तोटा खऱ्या अपंगांनाच होतो. परंतु त्या गदारोळानंतर संशयाची नजर सरसकट सर्वांवर वळली, आणि ज्यांचे अपंगत्व डोळ्यांना दिसत नाही त्यांच्यावर अधिकच.

रकाना कोरा का राहतो?

सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला कलम २० चे संरक्षण आहे. त्याला काढून टाकता येत नाही, त्याचा दर्जा कमी करता येत नाही. मूळ काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे पद द्यावे लागते, आणि ते उपलब्ध नसेल तर अधिसंख्य पदावर ठेवावे लागते. हीच तरतूद १९९५ च्या कायद्यात कलम ४७ मध्ये होती. तिच्याच आधारे २००३ मध्ये कुणाल सिंग विरुद्ध भारत सरकार या खटल्यात, कर्तव्यावरील दुखापतीमुळे पाय गमावलेल्या आणि सेवेस अपात्र ठरवलेल्या एका जवानाच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला. १७ डिसेंबर २०२१ च्या रवींदर कुमार धारीवाल खटल्याच्या निकालाने मानसिक अपंगत्व असलेल्या कर्मचाऱ्यावरील शिस्तभंगाच्या कारवाईकडेही भेदभावाच्या दृष्टीने पाहण्याचा मार्ग मोकळा केला.

मग भीती कशाची? साथींनो, कायद्याचे हे संरक्षण ज्याची नोकरी कायम आहे त्याच्यापर्यंत पोहोचते. अकरा महिन्यांच्या करारावर असलेल्या लिपिकाला, ठेकेदाराकडून आलेल्या सफाई कामगाराला, तासाप्रमाणे मानधन घेणाऱ्या अध्यापकाला काढून टाकण्याची गरजच पडत नाही. त्याच्या कराराचे नूतनीकरण होत नाही, एवढेच. कारण कोणी लिहीत नाही आणि न्यायालयात दाखवायला कागद उरत नाही. अशा माणसापुढे ऐच्छिक रकाना ठेवणे म्हणजे काय? भांडवली समाजात कामगार आपली श्रमशक्ती विकायला 'स्वतंत्र' असतो. न विकल्यास उपाशी राहायलाही तो तितकाच स्वतंत्र असतो. या रकान्यातील स्वेच्छा त्याच जातीची आहे. अपंगत्व कळवले तर करार जाण्याचा धोका, न कळवले तर सोयीवाचून शरीर झिजवण्याची शिक्षा. यांतून निवड करण्याला स्वेच्छा म्हणता येणार नाही.

कायम कर्मचाऱ्यांचीही अडचण आहे. हा नमुना विभागप्रमुखांमार्फत जातो. वाटेत तो चार टेबलांवरून फिरतो, उघड्या फाईलमध्ये पडून राहतो. नैराश्यावर उपचार घेणाऱ्या एखाद्या बाईंची माहिती संध्याकाळपर्यंत उपाहारगृहात पोहोचते. मग पदोन्नतीच्या वेळी 'त्यांना झेपेल का?' हा प्रश्न सहानुभूतीच्या सुरात विचारला जातो. केवळ अपंगत्वाच्या कारणावरून पदोन्नती नाकारता येणार नाही असे कलम २० सांगते, हे खरे. परंतु सहानुभूतीच्या सुराविरुद्ध कोणत्या कलमाखाली दाद मागावी?

माहितीच्या गोपनीयतेचा प्रश्न आता आणखी गंभीर झाला आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. परंतु २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात आरोग्यविषयक माहितीसाठी 'संवेदनशील' असा वेगळा वर्ग ठेवलेला नाही. आणि नोकरीशी संबंधित कारणांसाठी मालकाला संमतीशिवाय माहिती वापरण्याची मुभा कलम ७ मध्ये दिलेली आहे. कागदी फाईल निदान कपाटात बंद करता येत होती. संगणकावरील नोंद कोणकोणत्या पडद्यावर उघडते, हे कर्मचाऱ्याला कळणारही नाही.

अमेरिकेतील अनुभव

ऐच्छिक नोंदीची सर्वांत विस्तृत पद्धत अमेरिकेत उभी राहिली. तिच्याकडे डोळसपणे पाहिले पाहिजे. १९७३ च्या पुनर्वसन कायद्यात अपंगांविरुद्धच्या भेदभावाला बंदी घालणारे कलम ५०४ होते. ते केंद्रीय निधी घेणाऱ्या सर्व संस्थांना, म्हणजे विद्यापीठांनाही, लागू होते. परंतु त्याचे नियम चार वर्षे अडवून ठेवले गेले. एप्रिल १९७७ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील केंद्रीय सरकारच्या इमारतीत अपंग स्त्रीपुरुषांनी ठाण मांडले. चाकाच्या खुर्चीवरचे, अंध, बहिरे असे ते लोक तीन आठवड्यांहून अधिक काळ तिथेच झोपले. ब्लॅक पँथर पक्षाच्या कार्यकर्त्यांनी त्यांना रोज गरम जेवण पोहोचवले. त्यांचे शिष्टमंडळ वॉशिंग्टनला गेले तेव्हा यंत्रकामगारांच्या युनियनने त्यांच्या प्रवासाला मदत केली. २८ एप्रिल १९७७ रोजी नियमांवर सही झाली. श्रमिकांच्या आणि दडपलेल्यांच्या एकजुटीचे इतके स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल.

त्याच कायद्याच्या कलम ५०३ खाली, सरकारी कंत्राटे घेणाऱ्या आस्थापनांसाठी, ज्यांत कित्येक मोठी विद्यापीठे येतात, मार्च २०१४ पासून नवे नियम लागू झाले. प्रत्येक कामाच्या गटात ७ टक्के अपंग कर्मचारी असावेत असे उद्दिष्ट ठरले आणि ते मोजण्यासाठी ऐच्छिक नोंदीचा ठराविक नमुना आला. त्यात तीन उत्तरे असतात: होय, नाही, आणि उत्तर देण्याची इच्छा नाही. हे तिसरे उत्तर महत्त्वाचे आहे. ते नसेल तर गप्प बसणाऱ्याची गणना 'नाही' मध्ये होते. भरलेला नमुना कर्मचाऱ्याच्या सेवेच्या फाईलमध्ये ठेवायचा नाही, वेगळा ठेवायचा, असाही नियम झाला.

या पद्धतीतून शिकण्यासारखे आहे, परंतु ती आदर्श मानण्याचे कारण नाही. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेच्या कामगार खात्याने हा नमुना आणि ७ टक्क्यांचे उद्दिष्ट दोन्ही रद्द करण्याचा प्रस्ताव मांडला. प्रशासकीय नियमाने जे मिळते ते प्रशासकीय प्रस्तावाने काढून घेण्याचा घाट घालता येतो. मोजणीच बंद झाली की अन्याय आकड्यांत दिसेनासा होतो, आणि मग तो नाहीच असे म्हणणे सोपे जाते. १९७७ मध्ये नियम मिळाले ते संघर्षातून. ते टिकवायलाही संघर्षच लागेल.

काही साथींचा आक्षेप

काही साथी विचारतील, ठेकेदारी, निवृत्तिवेतन, रिक्त पदे असे मोठे प्रश्न समोर असताना या बाजूच्या विषयात शक्ती का घालवायची? माझे उत्तर असे की हा बाजूचा विषय नाही. कोरा रकाना म्हणजे ठेकेदारीचाच कागदावर उमटलेला ठसा आहे. ज्या विद्यापीठात कराराचे नूतनीकरण साहेबांच्या मर्जीवर चालते तिथे कोणताही कर्मचारी आपली गरज मोकळेपणाने सांगू शकत नाही. मग ती गरज अपंगत्वाची असो, बाळंतपणाची असो वा आजारी आईची असो.

१८७५ मध्ये 'गोथा कार्यक्रमावरील टीका' लिहिताना मार्क्सने समान हक्काची मर्यादा दाखवून दिली होती: शक्तीने, कुवतीने, कौटुंबिक भाराने भिन्न असलेल्या माणसांना एकच माप लावले की त्यातून विषमताच निघते. सर्वांना एकच टेबल, एकच जिना, एकच वेळ देऊन 'आम्ही कोणात फरक करत नाही' असे सांगणारे प्रशासन नेमके हेच माप लावत असते.

दुसरा आक्षेप असा: लोक कळवतच नाहीत तर युनियनने लढायचे कोणासाठी? इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पुष्कळशा सुधारणांसाठी कोणी काही कळवण्याची गरजच नसते. उतार, उद्वाहक, वापरता येणारे स्वच्छतागृह, ठळक अक्षरांतील फलक, लेखी स्वरूपात दिल्या जाणाऱ्या सूचना यांसाठी आधी नावांची यादी कशाला हवी? ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सुगम्यतेचे निकष केवळ शिफारशीच्या स्वरूपात असून चालणार नाही, त्यांतील किमान निकष बंधनकारक असले पाहिजेत. जितकी इमारत आणि कामाची पद्धत सर्वांना सामावून घेणारी, तितके एकेकट्या माणसाला कमी सांगावे लागेल.

तातडीची कामे

तेव्हा आपल्या युनियन शाखांनी पुढील मागण्या हाती घ्याव्यात, असे मी सुचवतो.

१. आरक्षणाचा दावा, सोयीची मागणी आणि मोजणी यांसाठी तीन वेगळे कागद असावेत. मोजणी निनावी असावी आणि 'उत्तर देण्याची इच्छा नाही' हा पर्याय छापलेला असावा.

२. सोयीची मागणी विभागप्रमुखांमार्फत न जाता बंद पाकिटात थेट नेमलेल्या संपर्क अधिकाऱ्याकडे जावी. ती कोण पाहील हे लेखी ठरावे. विभागप्रमुखाला कोणती सोय द्यायची एवढेच कळावे. आजाराचे नाव कळण्याचे कारण नाही.

३. कलम २१ प्रमाणे आपल्या आस्थापनेने समान संधी धोरण तयार करून आयुक्तांकडे नोंदवले आहे काय, याची विचारणा करून प्रत मागावी.

४. कलम २३ खाली तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असला पाहिजे, त्याच्याकडे तक्रारींची नोंदवही असली पाहिजे आणि तक्रारीची चौकशी दोन आठवड्यांत झाली पाहिजे. त्याचे नाव सूचना फलकावर लागलेले आहे काय, ते पाहावे.

५. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, सोय मागितलेल्या कंत्राटी कर्मचाऱ्याचे नूतनीकरण नाकारल्यास कारण लेखी द्यावे लागेल, असे कलम प्रत्येक करारपत्रात घालण्याची मागणी करावी. कंत्राटी साथींना कायम करण्याच्या लढ्यातच ही मागणी गुंफली पाहिजे.

६. आणि एक काम आपल्या स्वतःच्या घरातले. युनियनचे कार्यालय कोणत्या मजल्यावर आहे? सभेत कमी ऐकू येणाऱ्या साथीला पुढची जागा मिळते का? आपली पत्रके अंध साथीपर्यंत कोणत्या स्वरूपात पोहोचतात? कर्मचारी पहिल्यांदा सांगेल तो कुलसचिवांना नव्हे, शेजारी बसणाऱ्या साथीला. त्या साथीने चेष्टा केली, किंवा बातमी पसरवली, तर पुढचा कोणताही कागद भरला जाणार नाही. त्याने 'चल, आपण दोघे मिळून अर्ज लिहू' असे म्हटले, तर तिथून लढ्याला सुरुवात होईल.

साथींनो, पुढच्या वेळी ते परिपत्रक येईल तेव्हा ते केवळ वाटून मोकळे होऊ नका. शाखेची बैठक घ्या. ज्याला कळवायचे आहे त्याच्यामागे संघटना उभी आहे आणि ज्याला कळवायचे नाही त्याच्या मौनाचाही ती मान राखते, हे सर्वांसमोर स्पष्ट सांगा. मगच प्रशासनाला विचारा: आमच्या साथींनी कळवावे अशी तुमची इच्छा आहे, तर कळवल्यानंतर त्यांची नोकरी, त्यांचा मान आणि त्यांचे गुपित सुरक्षित राहील याची तुमची लेखी हमी कुठे आहे?